समुद्रापलीकडची राख

लाल समुद्रापलीकडे ज्वालामुखी फुटला, तेव्हा आम्ही सौदी अरेबियात, जिझानला होतो. मी तिथल्या एका सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात नर्स. नवरा नोकरीसाठी अबकैकला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी आणि आठ वर्षांची लेक, दोघीच घरी. तिला दमा आहे.

सकाळी गॅलरीचं दार उघडलं तर आभाळ मळकट पिवळं, आणि काडेपेटीची काडी विझवल्यावर येतो तसा उग्र वास. नेहमीच्या धुळीला वास नसतो. मी शाळेत फोन केला आणि मुलांना मैदानावर नेऊ नका म्हटलं. शाळा भारतीयच. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "मॅडम, यहाँ तो हर हफ्ते धूल रहती है."

"ये धूल नहीं है, राख और गॅस है. दमेवाले बच्चों को तकलीफ होगी."

"हम मास्क पहना देंगे."

त्या मास्कने गॅस अडत नाही, हे सांगेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. मी तेव्हाच लेकीला घरी ठेवायला हवं होतं. पण ड्यूटी होती, रजा मिळणार नव्हती, तिला सांभाळणारं कुणी नव्हतं. पाठवली.

अकराच्या सुमाराला शाळेचा ड्रायव्हर तिला आमच्याच रुग्णालयाच्या इमर्जन्सीत घेऊन आला. निरोप मिळताच मी वॉर्डातून धावत गेले. प्रत्येक श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. तिला पुरतं वाक्य बोलता येत नव्हतं. "आई... टीचर ने... रनिंग करवाया."

"इन्हेलर घेतलास का?"

तिने मान हलवली. नाही. शाळेच्या नियमाप्रमाणे तो ऑफिसच्या कपाटात होता, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते बँकेत गेले होते.

ऑक्सिजन लावला, वाफ दिली, पुन्हा दिली. माझे हात सवयीने काम करत होते, डोकं संतापाने ठणकत होतं. दोन तासांनी तिचा श्वास सैल झाला आणि तिने ज्यूस मागितला. त्या दिवशी तशीच आणखी मुलं आली. सगळ्यांच्या कागदावर डॉक्टरांनी 'धुळीची ॲलर्जी' लिहिलं. मी म्हटलं, "डॉक्टर, निदान राखेचा उल्लेख तरी करा." ते म्हणाले, "औषध तेच आहे, सिस्टर."

औषध तेच होतं. पण आईबापांना कुणीच सांगत नव्हतं, की बाहेरची हवा खेचणारा कूलर बंद ठेवा. मीच एकेका खाटेपाशी जाऊन मोडक्यातोडक्या अरबीत सांगत राहिले. काहींनी ऐकलं. एक आजोबा हसून म्हणाले, हा तर नेहमीचा गुबार, धूळच ती.

नवरा फोनवर म्हणाला, "आता बरी आहे ना? मग सोड."

मी सोडलं नाही. इन्हेलर तिच्याजवळच राहू द्या, असं शाळेला पत्र लिहिलं. आठवड्याने दोन ओळींचं उत्तर आलं: औषधं ऑफिसातच जमा करावीत, असा नियम आहे. त्याच संध्याकाळी मी तिच्या युनिफॉर्मला आतून खिसा शिवला आणि इन्हेलर त्यात ठेवला. "टीचर रागावल्या तर?" तिने विचारलं.

"आईला फोन करा म्हणून सांग," मी म्हटलं.