मेणबाईचं नाक

नवऱ्याच्या अंगाला क्लोरीनचा वास येतो, या एका तक्रारीवर मेणबाईचा धंदा उभा राहिला. तिच्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर अर्थातच असलं काही लिहिलेलं नाही. तिथे छान वळणदार अक्षरांत म्हटलंय, 'तुमच्या घराचा स्वतःचा सुगंध.' हे वाक्य नवऱ्यानेच सुचवलं, आणि त्याचं कौतुक तो अजून वसूल करतोय.

नवरा सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर कामाला. पाण्यात औषध टाकायचं, गाळण्या धुवायच्या, काठावरून धावणाऱ्या मुलांवर शिट्टी फुंकायची. तिकडे आंघोळ, घरी आल्यावर पुन्हा आंघोळ, तरी वास काही सुटायचा नाही. टॉवेलात, उशीत, सोफ्याच्या पाठीत तो मुरून बसलेला. लग्न झाल्यापासून तिचं दारातलं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "आधी आंघोळीला जा." दिवस कसा गेला वगैरे त्यानंतर.

मग कधीतरी तिने सुगंधी मेणाच्या वड्या मागवल्या. चौकोनी, बोटाच्या पेराएवढी वडी. तिला वात नाही, ज्योत नाही. छोट्या विजेच्या वॉर्मरवर एक वाटी असते, त्यात वडी ठेवायची, की खालच्या उबेने ती वितळते आणि खोलीभर वास पसरतो. मागवलेल्या वड्यांचा वास निघाला स्वस्त पावडरीसारखा. "यापेक्षा मी बरं करीन," ती म्हणाली. असं सगळेच म्हणतात आणि जेवायला बसतात. हिने मात्र खरंच केलं.

"जळत नाही, उजेड देत नाही, खाता येत नाही," सासूबाई पहिली वडी उलटसुलट करून म्हणाल्या. "आणि लोक विकत घेणार?"

लोकांनी घेतली. आधी ओळखीच्यांनी भिडेखातर, मग अनोळख्यांनी आवडली म्हणून. मागची खोली कारखाना झाली. खिडकीखाली शेगडी, तिच्यावर पाण्याचं पातेलं, त्यात मेणाचं भांडं. भिंतीला सुगंधी तेलांच्या बाटल्या, टेबलावर साचे आणि तापमापक. कुरिअरवाला खोकी न्यायला यायचा, त्याने तिचं नाव मेणबाई ठेवलं आणि ते जिनाभर पसरलं. मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवून निवृत्त झालेल्या सासूबाईंचा हात स्वस्थ बसेना. टीका करता करता त्या खोलीत शिरल्या आणि तेल मोजून ओतायचं काम त्यांनी कधी ताब्यात घेतलं ते कोणालाच कळलं नाही. वजनकाटा त्यांच्या समोर, ढवळायचा चमचा मेणबाईच्या हातात. तेल किती पडणार हे ठरवणार मात्र एकच, मेणबाईचं नाक.

त्या नाकाची एक पद्धत होती. साच्यातून काढलेल्या वड्या दोन आठवडे डब्यात मुरू द्यायच्या. मग एक वडी वॉर्मरमध्ये ठेवून, दार ओढून घेऊन, ती जिना उतरून खाली पत्रपेट्यांपर्यंत जायची. खोलीत बसून बसून नाक सरावतं, त्याला काही कळेनासं होतं, म्हणून ही पायपीट. खाली थोडा वेळ थांबून, नाक मोकळं करून, ती वर यायची आणि दार उघडायची. वास दारात भेटला पाहिजे, पण अंगावर धावून येता कामा नये. भेटला तर माल पास. धावून आला तर सगळा घाणा पुन्हा वितळवायचा. या बाबतीत ती कोणाचंही ऐकत नसे. नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता. इतकी वर्षं क्लोरीनमध्ये काढल्यावर त्याला लिंबू आणि मोगरा सारखाच. "छान आहे," हे त्याचं एकच उत्तर होतं, आणि एकदा तर त्याने ते रिकाम्या वॉर्मरकडे बघून दिलं होतं.

तर अशी सगळी गाडी रुळावर असताना मेणबाईला सर्दी झाली. साधी सर्दी. घरात सगळ्यांना झाली, सगळ्यांची गेली. हिचीही गेली, पण जाताना वास घेऊन गेली.

आधी तिला वाटलं, चार दिवसांत येईल परत. मग एक दिवस ती पत्रपेट्यांपासून वर आली, दार उघडलं आणि दारात कोणीच भेटलं नाही. वॉर्मर चालू होता, वडी वितळून वाटीत तेलासारखी झाली होती. तिने वाटीवर वाकून श्वास ओढला. गरम हवा नाकात गेली, बाकी काही नाही. तिथेच चप्पल न काढता ती सोफ्यावर बसली.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं. "सर्दीनंतर होतं असं कधीकधी. बहुतेकांचा परत येतो."

"कधी?"

"ते नाही सांगता येत." रोज ओळखीचे दोन-चार वास घ्या, नाकाला आठवण करून देत राहा, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वासाचा धंदा करणाऱ्या बाईला वास येत नाही हे एकदा बाहेर पडलं की उद्या कोण मागवणार तिच्याकडून? तेलाच्या बाटल्या ओढणीत लपवून ती न्हाणीघरात न्यायची, नळ सोडायची आणि एकेक हुंगत बसायची. लवंग. संत्रं. गुलाब. सगळं पाणीच. बाहेर येऊन तोंड पुसायची आणि सासूबाईंना म्हणायची, "डोळ्यात साबण गेला." रोज रोज डोळ्यात साबण जाणारी सून पाहूनही सासूबाई काही बोलल्या नाहीत.

नेमकी त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंची मागणी आली. या दातांच्या डॉक्टर, आणि मेणबाईचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या दवाखान्यात शिरलं की औषधाच्या वासानेच माणसं घाबरायची, म्हणून बाहेरच्या खोलीत त्या मेणबाईची एक हलकी, संत्र्याच्या सालीची वडी ठेवायच्या. आता त्यांनी आणखी दवाखाने उघडले होते आणि सगळीकडे तीच वडी हवी होती. "तोच हलका वास," त्यांनी लिहिलं होतं. "जरा जास्त झाला तर खुर्चीतल्या माणसाला मळमळतं. तुमच्यावर सोपवते."

तुमच्यावर सोपवते, हे वाचून एरवी ती नाचली असती. या वेळी तिच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, हो म्हणावं तर नाक कुठून आणायचं? तिने हो म्हटलं.

मापं ठरलेली होती, हे खरं. पण संत्र्याच्या तेलाचा हा नवीन घाणा होता आणि दर घाण्याला तेल थोडं हलकं-जड निघतं. मेण वितळलं, तापमापक बरोबर आकड्यावर आला, सासूबाईंनी मोजून तेल ओतलं. मेणबाई ढवळत वाकली. काही नाही. तिला माहीत होतं की दोष नाकाचा आहे. पण अंधारात चालणारा माणूस जसा उगाच हात पुढे करतो, तसं झालं. तेल फिकं असेल तर? डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नुसतं मेण वितळत राहिलं तर?

"आई, थोडं वाढवा."

"वाढवते."

"अजून थोडं."

"बरं."

"नाहीच येत म्हणावा तसा. अजून घाला, आई."

"घालते गं," सासूबाई म्हणाल्या आणि भांडं, बाटली घेऊन काट्याकडे वळल्या. भांडं पुन्हा पुढे आलं. प्रत्येक घाण्याला हेच झालं.

वड्या मुरायला ठेवल्यावर तिचं डोकं ताळ्यावर आलं. मेणात तेल जास्त झालं की त्याला घाम फुटतो, वडीच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब येतात. रोज सकाळी उठल्याबरोबर ती डबे उघडून बोट फिरवायची. बोट कोरडं. पुन्हा फिरवायची. कोरडंच. तेल जवळजवळ दुप्पट गेलंय आणि वडी घाम गाळत नाही, हे तिच्या अनुभवात बसत नव्हतं. पण या वेळचं मेणच चांगलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. घाबरलेल्या माणसाला समजावणं सोपं असतं. चाचणीच्या दिवशी ती जिना उतरली, पत्रपेट्यांपाशी उभी राहिली आणि वर आली, निव्वळ सासूबाईंनी बघावं म्हणून. "पास," ती म्हणाली. तिच्या आयुष्यातला हा पहिला खोटा पास होता आणि तो उच्चारताना तिला स्वतःची लाज वाटली.

खोकी गेली. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की दचकायची, न वाजला की उचलून बघायची. खुर्चीत आ वासून बसलेली, मळमळणारी माणसं तिला डोळ्यांसमोर दिसायची.

आणि मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मेसेज नाही, फोन. मेणबाई लेबलं चिकटवत होती, समोर सासूबाई काटा पुसत होत्या.

"ताई, या वेळच्या वड्यांबद्दल बोलायचं होतं."

"बोला ना," मेणबाई म्हणाली. तिच्या अंगठ्याला लेबल चिकटलं होतं, ते ती बघत राहिली.

"मला वाटलं होतं, एवढा माल एकदम करताना थोडा फरक पडणारच. मी तशी तयारीही ठेवली होती. पण अगदी तोच वास आहे हो. हलका. आमची मदतनीस म्हणते, लहान मुलं आता दारातून परत पळत नाहीत. दर महिन्याला पाठवाल का?"

मेणबाई 'हो' म्हणाली, 'आभारी आहे' म्हणाली आणि तिने फोन ठेवला. जीव भांड्यात पडला होता, पण तो नेमका कोणत्या भांड्यात पडला ते तिला कळेना.

"आई, तोच वास आहे म्हणतात."

"मग बरंच झालं."

"पण तसा कसा असेल? आपण केवढं तेल वाढवलं."

सासूबाईंनी काटा पुसून फडकं वाळत टाकलं. "आपण कुठे वाढवलं? तू वाढव म्हणालीस. मी वाढवते म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे बाटली उचलली, तुझ्याकडे पाठ केली, परत ठेवली. वसतिगृहात काय केलं मी इतकी वर्षं? पाचातली एक मुलगी म्हणायची, मीठ कमी आहे. मी पातेलं आत न्यायची, ढवळायची, परत आणायची. 'टाकलं गं' म्हणायची. ती जेवून म्हणायची, आता बरोबर झालं. प्रत्येकीचं ऐकलं असतं तर अख्खं वसतिगृह आजारी पडलं असतं."

"पण मला खरंच वास येत नव्हता, आई."

"ते मला ठाऊक नाही होय? मागच्या महिन्यात कचऱ्याच्या डब्यात मासा कुजत होता, तू त्याच्या शेजारी बसून शांतपणे चहा पीत होतीस." सासूबाई समोर बसल्या. "नव्या बाटलीचं मी बघितलं होतं. घाण्यातली एक वडी ठेवली आणि तुझ्यासारखी गेले खाली जिना उतरून. गुडघे दुखले दोन दिवस. वास दारात भेटला, म्हणून तर जाऊ दिली खोकी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, हिला लपवायचंय तर लपवू दे, आपण काट्यापाशी बसू."

मेणबाई रडली. चांगली हुंदके देऊन रडली, सगळा साठलेला महिना एकदम बाहेर आला. सासूबाईंनी पदर वगैरे काही पुढे केला नाही. लेबलांचा गठ्ठा तेवढा उचलून बाजूला ठेवला, भिजेल म्हणून. त्या दिवसापासून बाटल्या न्हाणीघरात लपून जायच्या थांबल्या. सकाळी दोघी टेबलापाशी बसायच्या, सासूबाई एकेक बाटली तिच्या नाकाशी धरायच्या. "लवंग आहे. आठव." ती डोळे मिटून आठवायची. चाचणीला आता सासूबाई उतरायच्या, प्रत्येक पायरीला कुरकुरत. येत नाही तर येत नाही, मेणबाईला आता त्याची पूर्वीसारखी भीती वाटत नव्हती. घरात एक नाक शाबूत होतं आणि ते तिच्या बाजूचं होतं.

असेच काही दिवस गेले. संध्याकाळी ती साच्यांतून वड्या काढत होती. नवरा कामावरून आला, सवयीने ओला टॉवेल तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पाणी प्यायला वळला.

"आज तलावात औषध जास्त टाकलंत का?" ती वड्यांवरून मान वर न करता म्हणाली.

"नाही. नेहमीएवढंच."

काट्यापाशी सासूबाईंचा हात थांबला. मेणबाईच्या हातातला साचाही थांबला. आपण काय विचारलं ते तिला विचारून झाल्यावर कळलं. तिने मागे वळून टॉवेल ओढला, तोंडाशी धरला आणि पुन्हा श्वास घेतला. पुसट होता, लांबून आल्यासारखा, पण होता. तोच तो हट्टी, उशीत मुरलेला वास, ज्याला घरातून घालवण्यासाठी तिने एवढा सगळा खटाटोप मांडला होता.

नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. बायको टॉवेलात तोंड खुपसून बसलीय आणि आई काट्यापाशी डोळे टिपतेय, हे पाहून त्याला वाटलं, आज आपलं काही खरं नाही. "जातो, जातो," तो घाईघाईने म्हणाला. "आंघोळीलाच निघालोय."

"थांबा," मेणबाई म्हणाली. "बसा इथे जरा वेळ. आंघोळ नंतर करा."