डबा शेकून भरायचा

काल संध्याकाळी रोह्याजवळच्या आमच्या अष्टमी गावी, घराच्या ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात सुहासचा व्हिडिओ कॉल आला... सुहास आमचा एकुलता एक. रोह्यातल्या एका परदेशी कंपनीत इंजिनिअर, सध्या त्यांच्या हेड ऑफिसच्या गावी. गणपतीला कायमचा परत येणार, म्हणून आम्ही दोघं डोळे लावून बसलेलो.

तो तिकडे गेला त्याचीही गंमतच आहे. कंपनी परदेशातली, पण पाऊस आमचा. आषाढात इथल्या कारखान्यातली पावडर ड्रममध्ये भरली की तिची ढेकळं व्हायची. वरून आलेल्या मॅन्युअलमध्ये सगळं होतं... फक्त आमचा आषाढ नव्हता.

एकदा ही गॅसच्या मंद आचेवर पापडाचा रिकामा डबा शेकत होती. हिचं माहेर पेणचं. पावसाळ्यात डबा शेकून कोरडा केल्याशिवाय त्यांच्या घरात पापड भरत नाहीत. सुहास बघत राहिला.

"आई, ड्रम असे शेकले तर?"

"मला काय विचारतोस? तुझ्या सायबाला विचार."

साहेब आधी नाही म्हणाले, मग थोड्या ड्रमांवर करून बघू दिलं. भरण्याआधी ड्रममध्ये गरम हवा सोडायची, एवढंच. पण किती गरम, किती वेळ, हे जुळवता जुळवता सुहासच्या टीमचा अख्खा पावसाळा गेला. ढेकळं थांबली... आणि हेड ऑफिसने त्यालाच बोलावून घेतलं. जिथे जिथे दमट हवा, तिथल्या कारखान्यांत हे बसवायचं म्हणून.

काल म्हणाला, "आई, अजून थोडी वर्षं राहा म्हणतायत."

ही म्हणाली, "जेवतोस ना रे वेळेवर?"

"व्हय गो आई." तो असा गावचं बोलायला लागला की समजावं, त्याला घर आठवतंय.

फोन झाल्यावर आत गेलो, तर गॅसवर रिकामा डबा.

"अगो, गणपतीला येतोय ना तो? मग पापड कुणाला भरतेस?"

"येईल, पण पाव्हणा म्हणून," डबा फिरवत ती म्हणाली. "तोवर काय खाईल तिकडे?"

आमच्या घरची एक रीत एवढ्या मोठ्या कंपनीने उचलली, लेकाला मान दिला... देवाची कृपाच. रीत खुशाल ठेवून घ्या म्हणावं. पोर तेवढं परत पाठवा.