मोट कोणी हाकली

ऑनलाइन ज्ञानकोशावर मराठीत लिहिणारे आम्ही मूठभर लोक, आणि त्यातला खवीस म्हणजे मी. निवृत्त मास्तर, संगमनेरात घर, हाताशी वेळच वेळ. कोणी पुराव्याशिवाय ओळ घातली की मी ती उडवतो आणि शेरा मारतो, ‘संदर्भ द्या.’ चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यावर दुसरं काय येणार?

गेल्या वर्षी एका जुन्या मराठी चित्रपटाचा लेख सुधारायला घेतला. नवरा गेल्यावर एकटीने शेत राखणाऱ्या बाईची गोष्ट. बायका थिएटरातून पदर डोळ्यांना लावूनच बाहेर पडायच्या. चित्रीकरण आमच्याच जिल्ह्यात, तिसगावच्या बाजूला झालेलं. लेखाची दशा बघवत नव्हती. कथानक अर्धवट, कलाकारांची यादी चुकीची आणि मध्येच ‘हा चित्रपट खूप छान आहे’ असलं वाक्य. तीन आठवडे बसून सगळं मार्गी लावलं.

सगळ्यांच्या लक्षात राहिलेला प्रसंग विहिरीवरचा. नायिका मोट हाकते. चामड्याची भली मोठी मोट भरली की बैल उतारावरून खाली जातात आणि पाणी वर येतं. मग त्याच बैलांना उलट्या पावली वर सरकवायचं. ते सरकवणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यावर मी लिहिलं, ‘यासाठी नायिकेने पंधरा दिवस मोट हाकण्याचं शिक्षण घेतलं.’ खाली संदर्भ दिला जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकातल्या जुन्या बातमीचा. ती बातमी माझीच होती, मास्तर व्हायच्या आधीची. छापताना वर नाव नव्हतं, त्यामुळे कोणाला सांगायची गरज वाटली नाही.

आठवड्याभरात कोणीतरी ते वाक्य काढून तिथे एका बाईचं नाव टाकलं. मी उडवलं. पुन्हा आलं. पुन्हा उडवलं, आणि वर शहाणपणा शिकवला, ‘हा ज्ञानकोश आहे, गावचा पार नव्हे.’

मग लेखाच्या चर्चापानावर उत्तर आलं. लिहिणारी राहात्याच्या एका मेडिकलमध्ये काम करणारी मुलगी. ‘ती मोट माझ्या आजीने हाकली, नायिकेचं लुगडं नेसून, पाठमोरी. आजी डावरी आहे. त्या प्रसंगात आसूड डाव्या हातात आहे; बाकी चित्रपटभर नायिका सगळं उजव्या हाताने करते. बघून घ्या. आणि तुमच्या त्या बातमीवाल्या पत्रकाराला हे ठाऊक होतं. तो आमच्या घरी चहा पिऊन गेला होता.’

माझी कानशिलं तापली. चहा गुळाचा होता, तेही आठवलं.

चित्रीकरणाच्या त्या दिवशी मी विहिरीच्या काठावर उभा होतो. नायिकेला बैल काही केल्या दाद देईनात. दोन दिवस फुकट गेले, तेव्हा विहीर ज्यांची होती त्या घरच्या सुनेला पुढे केलं. तिच्या माहेरी भाऊ नव्हता, म्हणून बापाने तिलाच लहानपणी मोटेवर उभं केलेलं. तिने एका दमात काम करून दाखवलं. नंतर चहा पिताना तिचे सासरे मला म्हणाले, “पोरा, सुनंचं नाव पेपरात छापू नको बरं. पावन्यारावळ्यांत तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई.”

मी मान डोलावली. इथपर्यंत ठीक. पण ‘गावातल्या एका बाईने’ एवढं तरी लिहिता आलं असतं की नाही? तेही न लिहिता चित्रपटवाल्यांनी वाटलेल्या पत्रकातलं पंधरा दिवसांचं वाक्य उचललं, कारण ते वाचायला बरं वाटत होतं. आणि आता इतक्या वर्षांनी तीच थाप पुरावा म्हणून त्या बाईच्या नातीच्या तोंडावर फेकत होतो. लाज वाटली. मास्तरकीचा सगळा तोरा उतरला.

नातीला आधी कळवलं आणि दोन एस्ट्या बदलून तिसगाव गाठलं. नात सुट्टी काढून आली होती. आज्जी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, डाव्या हाताने. मी कोण ते सांगितलं आणि शिव्या खायच्या तयारीने उभा राहिलो.

“तुमीच व्हय ते पेपरवाले? लई बारीक हुता तवा.”

एवढंच! मी म्हटलं, चूक माझी आहे. साप्ताहिक अजून निघतं, त्यात माझ्या नावानिशी दुरुस्ती छापून आणतो. पण मग तुमचं नाव सगळ्यांना दिसेल. चालेल ना?

“सासरं गेलं, मालक गेलं. आता कुनाला इचारायचं?” त्यांनी सुपातली टरफलं झटकली. “पन माज्या नावाफुडं बापाचं नाव लावा. मोट त्यानं शिकवली. ह्यांनी न्हाई.”

दुरुस्ती छापून आली. तिचं पहिलंच वाक्य होतं, ‘त्या दिवशी मी विहिरीवर हजर होतो आणि मी खोटं लिहिलं.’ चर्चापानावरही कबुली दिली. आपल्याच लिखाणाचा आधार आपणच देऊ नये, हे मला आता उशिरा सुचलं. म्हणून लेखातली ओळ दुसऱ्या एका संपादकाकडून घालून घेतली.

त्याच दिवशी नातीने फोन लावून दिला. आज्जींनी ती ओळ दोनदा वाचून घेतली होती म्हणे.

“ह्ये आता कुनी पुसू शकतं का?” त्यांनी विचारलं.

दोनदा पुसणारा मीच. त्यांच्याशी आणखी खोटं कुठल्या तोंडाने बोलणार? “शकतं,” म्हटलं.

“मंग तुमी ध्यान ठिवा.”

तेव्हापासून रोज सकाळी उठलो की आधी ते पान उघडतो. त्यांचं नाव आहे, पुढे बापाचंही आहे. ते बघतो आणि मग चहाचं आधण ठेवतो.