तुमचं काम बाहेर आहे

"या आमच्या रक्तवाल्या बाई."

संचालकांनी पाहुण्यांना माझी ओळख अशी करून दिली. अमरावतीच्या त्या संशोधन संस्थेत दिल्लीहून तिघं आले होते. मी दारात उभी. हातात बर्फाची पेटी, पेटीत पातूरकडच्या वस्त्यांमधून आणलेल्या रक्ताच्या नळ्या. पाहुणे हसले. माझ्या नावामागं डॉक्टर लागतं, हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी केली मी. विषय सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. धाकट्या भावाला त्याच आजारानं तळमळताना पाहत मोठी झाले. पीएचडीनंतर पोस्टडॉकसाठी, म्हणजे पुढच्या संशोधनाच्या जागेसाठी, मेलवर मेल टाकले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. बंगलोरच्या एका प्राध्यापक बाईंनी फोनवर विचारलं, "गाइड कोण तुमचे?" मी नाव सांगितलं. "ऐकलं नाही कधी." फोन बंद.

मग अमरावतीची ही जागा निघाली. जाहिरातीत पोस्टडॉक, नेमणुकीच्या ऑर्डरमध्येही पोस्टडॉक. मुलाखतीत मात्र संशोधनावर एक प्रश्न नाही. संचालक म्हणाले, "त्या वस्त्यांतले लोक आमच्या माणसांना सुई लावू देत नाहीत. तुम्ही त्यांच्यातल्याच. तुम्हाला देतील."

मला वाटलं, आत तर शिरू.

आत शिरलेच नाही. रक्तातून डीएनए काढणं, तपासणं, पेपर लिहिणं, सगळं संचालकांच्या जुन्या विद्यार्थ्याकडं. तोही पोस्टडॉकच. त्याचं बोट लागलं की प्रयोगशाळेचं दार उघडायचं. माझ्या बोटानं नाही. विचारलं तर उत्तर, "तुमचं काम बाहेर आहे."

पाहुणे गेल्यावर पुढच्याच आठवड्यात पुन्हा पातूरकडं गेले. एका अंगणात कमलाबाई बसली होती. तिच्या नातीचं रक्त मी पावसाळ्याआधी नेलं होतं. पोरगी खाटेवर, गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती.

"पोरीचा रिपोर्ट काहून नाही आला व माय?"

"इचारतो मी."

"तू आपल्यातली हायेस म्हून देल्लं तिचं रगत."

परत येऊन संचालकांना विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांना काय कळतंय रिपोर्टमधलं? आपण दवाखाना नाही चालवत. आता मोर्शीकडच्या वस्त्या घ्या."

तेव्हा लख्ख कळलं. यांना माझी पीएचडी नको होती. माझी जात हवी होती. तिच्या भरवशावर माणसं हात पुढं करत होती.

"जुने रिपोर्ट घरोघरी पोचल्याशिवाय मी एक नळी भरणार नाही," मी म्हणाले.

"मग पुढच्या जागेसाठी माझी शिफारस विसरा. माझ्या शब्दाशिवाय तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही."

"नका देऊ."

बर्फाची पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली. तशीच बाहेर पडले.

कमलाबाईच्या नातीला मीच अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सिकलसेलच निघाला. औषध सुरू झालं. संस्थेतल्या फ्रीजमध्ये तिची नळी असेलच. उत्तरही असेल. तिच्या घरी कोणी पाठवलं नाही.

आता अकोल्यात बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते. पोस्टडॉकचे अर्ज थांबवले नाहीत. मुलाखतीत पहिले प्रश्न मीच विचारते. प्रयोगशाळेत माझं टेबल कुठं? ज्यांचं रक्त घ्याल, त्यांना रिपोर्ट कधी द्याल? दोन मुलाखती तिथंच संपल्या.

संपू द्या. आमच्या माणसांचं रक्त लागत असेल, तर ते तपासायलाही मीच बसेन. नाहीतर सुई हातात घेणार नाही.