साळवे टीचरांचं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. शाळेच्या आवारातल्या चर्चमध्ये कबुली द्यायची जागा होती, पण ती ख्रिस्ती मुलींसाठी. मला मुभा असती, तर गेले असते का? नसते गेले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडील सातपूरला कारखान्यात लेथवर. आमच्या गल्लीतून कॉन्व्हेंट हायस्कूलला जाणारी मी एकटी. इंग्रजीतून गणित कळायचं नाही, म्हणून साळवे टीचर शाळा सुटल्यावर मला थांबवून शिकवायच्या. स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्यासाठी ठेवायच्या. हे आधीच सांगते — पुढचं सांगताना कदाचित राहून जाईल.

नववीची सहामाही होती. टीचरांनी मला स्टाफरूममधून वह्या आणायला पाठवलं. कपाटात वह्यांच्या खाली गणिताचा पेपर होता. मी — बघितला. दोन गणितं पाठ केली. स्वतःपुरती ठेवली असती तर? पण मैत्रिणीला सांगितली, तिनं आणखी तिघींना. पाच जणींची तीच दोन गणितं बरोबर आली आणि मैत्रिणीनं माझं नाव घेतलं.

मुख्याध्यापिका सिस्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. साळवे टीचर आधीच तिथं उभ्या होत्या. वडिलांना बोलावतील, दाखला हातात देतील — डोक्यात तेवढंच. सिस्टरांनी विचारलं, पेपर तुला टीचरांनी दाखवला का? मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"हो, सिस्टर. टीचरांनीच दाखवला."

टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. वाटलं, आता मला खोटं पाडतील. पाडायलाच हवं होतं ना?

"सिस्टर, तिला वर्गात जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पोरगी थरथरतेय."

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या शाळेत आल्या नाहीत. निफाडकडे कुठल्याशा शाळेत लागल्या, असं ऐकलं. मी कधी चौकशी केली नाही. शिकले, आणि त्याच शाळेत शिक्षिका झाले — गणिताचीच.

पुढं बऱ्याच वर्षांनी शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मिशनच्या दोन खोल्यांपासून दुमजली इमारतीपर्यंत सगळं लिहिलं. जुनी हजेरीपुस्तकं काढून आजवरच्या शिक्षकांची यादी केली. साळवे टीचरांची त्यात अकरा वर्षं होती. नाव छापलं, तर कुणीतरी विचारेल, या का गेल्या? खरंच कुणी विचारलं असतं का? मी नाव गाळलं. पहिल्या वेळी मी चौदा वर्षांची होते. या वेळी नव्हते.

समारंभाला त्या आल्या. कुणा माजी विद्यार्थिनीनं आणलं होतं. केस सगळे पांढरे. तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी स्मरणिका उघडली, चष्मा लावला आणि शिक्षकांच्या यादीवरून बोट फिरवत गेल्या. शेवटपर्यंत. मग पुन्हा वरपासून. शेजारच्या बाईंनी काहीतरी विचारलं, तशी त्यांनी स्मरणिका मिटून मांडीवर ठेवली.

मी स्टेजवर माइकपाशी होते. मला सगळं दिसत होतं. त्या मान वर करतील, म्हणून मी घाईनं पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव पुकारलं.