निरभ्र आभाळाखालचा खोकला

"दार लाव गं! आधी खिडकी लाव, मग दार लाव!"

आतोबा डोंगराच्या कडेला उभे राहून खाली ओरडत होते, आणि खाली भोर नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत होतं. आता त्या जागी राखाडी साय धरली होती, हात घालून उचलावी अशी. तिच्यातून देवळाचा कळस आणि एका जुन्या चिंचेचा शेंडा एवढंच वर आलेलं. आमच्या माथ्यावर मात्र कोवळं ऊन, आणि आभाळ असं लख्ख की त्यावर कुणी नखानं ओरखडा काढला असता तर सारोळ्याहून दिसला असता.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ज्या बाईला ते दार लावायला सांगत होते ती आत्या, भोरात नदीकडच्या खालच्या आळीत राहणारी, दम्याची. आमची वाडी डोंगराच्या सोंडेवर. आतोबा आदल्या दिवशी नाचणीच्या मळणीला आमच्याकडं आले होते.

आता धुराचं सांगतो. हिवाळा लागला की नदीकाठी वीटभट्ट्या पेटायच्या. पहाटे घरोघर बंब, बंबात गोवऱ्या, चुलीत ओली लाकडं. भोर पडलं डोंगरांच्या परातीत. काही पहाटे हा सगळा धूर सरळ वर जाऊन वेल्ह्याकडच्या वाऱ्याला लागायचा, काही पहाटे आळीतच मुक्काम करायचा. मुक्काम केला की आत्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि एकेक श्वास खोल विहिरीतून भरली घागर ओढावी तसा ओढायची. एकदा तिचे ओठ जांभळासारखे झाले. पुन्हा अशी पाळी आली तर निभावणं कठीण, असं डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं.

म्हणून आतोबांनी घरातच हवामान खातं उघडलं. दिवस कलला की ओट्यावर उभे राहून आभाळ बघायचे आणि उद्या धूर बसणार की नाही ते ठरवायचे. बसणार असेल तर शेवटच्या एस.टी.नं आत्याची रवानगी आमच्या वाडीवर. नियम एकच: ढग आले, आत्या वर, आभाळ निवळलं, आत्या घरी. हा नियम ते पावसाळ्यात शिकले होते, कारण तेव्हा आभाळ भरून आलं की तिची छातीही भरून येई. आमच्याकडं माणसाला एकदा आभाळ वाचता आलं की तो त्यावरून सोयरीकसुद्धा ठरवतो. त्यात नवा ट्रान्झिस्टर आलेला. 'आकाश निरभ्र राहील' असं त्यानं म्हटलं की आतोबांना आपल्या अंदाजावर सरकारी मोहोर उमटल्यासारखं वाटे.

हिवाळ्यात हा हिशेब उलटा असतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक? ढग म्हणजे गावावर पांघरलेली गोधडी. जमीन उबदार राहते, धुराला वर सुटायला वाट मिळते. आभाळ निरभ्र असलं की रात्रभर जमिनीची ऊब उडून जाते, डोंगरावरची गार, जड हवा घरंगळत खाली येऊन परातीत साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर आत कोंडतो. म्हणजे व्हायचं असं, की ढगाळ रात्री आत्या काही गरज नसताना आमच्या वाडीवर मजेत भाकरी खायची, आणि टिपूर चांदणं पडलं की खाली आळीत धापा टाकायची. आतोबा मग ताकाला दोष देत, शेजारणीच्या नजरेला देत. आभाळाला कधीच नाही.

त्याही संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. आतोबा तिला निर्धास्त राहायला सांगून वर आले होते.

सकाळी आम्ही कडेला आलो तेव्हा भट्टीच्या धुराचा एक खांब सायीतून पुरुषभर वर आला आणि कुणी वरून तळहात ठेवावा तसा दबून आडवा पसरला. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. गाव दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. रहाटाची करकर. कुणीतरी तांब्या घासत होतं. एक बाई शेजारणीकडं मीठ मागत होती. ते जाडं हवं की बारीक हेही मी सांगू शकलो असतो. आणि मग खोकला. खोल, कोरडा, शेवटी शीळ वाजणारा.

आतोबांच्या हातातला विळा गळून पडला. "तिचाच हाय," ते म्हणाले, आणि ओरडत सुटले.

त्या ओरडण्यासरशी खालचं सगळं थांबलं. रहाट थांबला, तांब्या थांबला. आणि सायीखालून, आमच्या पायाशी बसून कुणी बोलावं तसा आवाज आला. बाईचा की बुवाचा ते कळलं नाही.

"कोन हाय वर?"

रानातून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. आम्ही थांबलो. दुसरी हाकसुद्धा आली नाही. खोकलाही पुन्हा आला नाही, आणि ते खोकल्याहून वाईट होतं.

आतोबा उतारावरून पळत सुटले, मी मागं. ऊन संपलं तिथं एक रेघ होती, शपथेवर सांगतो, कोयत्यानं कापल्यासारखी. तिच्याखाली पाय घातला तो इतका गार पडला की माझा राहिला नाही. मग कंबर बुडाली, मग डोकं. सूर्य तांब्याच्या तबकडीसारखा झाला. जिभेवर जळक्या गोवरीची चव. समोरून येणारी माणसं आधी खोकत, मग दिसत. एक बैल तर नुसताच शिंगांनी चालत गेला. आतोबा सारखे पुटपुटत होते. जवळ गेल्यावर कळलं, ते नवस बोलत होते, आणि दर नवसाला बकरं मोठं होत होतं.

घराला बाहेरून कडी होती. आतोबांनी ती हातात धरली आणि तसेच उभे राहिले. तिला कुणी उचलून नेलं की काय, या भीतीनं ती काढायचं धैर्य होईना. शेजारीण पदर नाकाला लावून ओट्यावर आली. आत्या कालच शेवटच्या एस.टी.नं नसरापूरला बहिणीकडं गेली, असं तिनं सांगितलं.

"मग खोकलं कोन?" आतोबांनी विचारलं.

शेजारीण सांगायला गेली आणि खोकली. खोल, कोरडा, शेवटी शीळ. तोच. तिच्या पलीकडच्या घरातून तोच आला. मग समोरून. मग न दिसणाऱ्या टोकापर्यंत अख्खी आळी आत्याच्या गळ्यानं खोकत गेली. माझ्या अंगावर तेव्हा आलेला काटा अजून पुरता बसलेला नाही. शेवटी आतोबाही खोकले, आणि तोच खोकला त्यांच्याही छातीतून निघाला.

मिळाली ती गाडी धरून आम्ही कापूरहोळवरून नसरापूर गाठलं. तिथं वारं मोकळं होतं. आत्या बहिणीच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. आतोबा बराच वेळ तिचा श्वास नुसता बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, आज धूर बसणार हे तुला सांगितलं कुणी.

आत्यानं शेंगांवरून नजर उचलली नाही.

"तुमीच की. बसायचा न्हाई म्हनालात, म्हून हितं आले."