उलार झालेलं विमान

माझ्या ताईला विमानदुरुस्तीच्या कंपनीने पहिल्या मुलाखतीत नापास केलं, तेव्हा मी सगळ्यात आधी पत्रकाचा मथळा लिहिला. 'कष्टकऱ्याच्या लेकीला एका प्रश्नावर घरी पाठवणाऱ्यांचा जाहीर निषेध!' मजकूर नंतर सुचला असता, तो सुचतोच. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि वर माळावर नवीन वसलं, तेव्हापासून नळासाठी, स्मशानाच्या रस्त्यासाठी, एसटीच्या थांब्यासाठी मी पत्रकंच लिहीत आले आहे. मला राग आला की हाताला कागद लागतो.

ताईने मथळा वाचला, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड सुरू केली.

"तुले पत्रकाशिवाय काही सुचते का वो?"

"पण त्यानं विचारलं काय होतं?"

"तीनशे एकोणीस, तीनशे वीस आन् तीनशे एकवीस, तिन्हीत फरक काय? मी म्हटलं, लांबी. आन् मंग तोंडच उघडलं नाही. तो म्हणे, एवढं तं खिडकीत बसनाऱ्यालेही समजते."

ही एकाच घराण्यातली तीन विमानं. मधून एकच चालायची वाट, दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या. एकोणीस सगळ्यात आखूड, एकवीस सगळ्यात लांब. ताई चार वर्षं विमानदुरुस्ती शिकली होती, हे सगळं तिला येत होतं. पण टेबलापलीकडे इस्त्रीचा शर्ट दिसला की तिचा घसा बंद होतो. माझा उघडतो, हा आम्हा बहिणींतला फरक. कंपनी दोनच वेळा बोलावते. दुसरी वेळ आठ दिवसांवर होती. तीही हुकली तर भंडाऱ्याच्या शोरूममध्ये मोटारसायकलींची बिलं फाडायची नोकरी ठरलेलीच होती.

मला एकच विद्या येते, तीच मी कामाला लावली. धरणग्रस्तांच्या संघटनेत आम्हाला शिकवलंय: एक पान, वाक्य आठ शब्दांच्या वर नको, आणि आकडा लिहिला की समोरचा गप्प बसतो. ताईचा अभ्यास मी एका पानाच्या पत्रकात बसवायला घेतला. ती सांगायची, मी लिहायची आणि दर दोन ओळींनी भांडण व्हायचं.

"तिन्हीची कॉकपिट सारखी," ताई म्हणाली. "एक चालवनारा बाकीची दोनही चालवते. पंखाचा पसाराही तेवढाच."

"म्हणजे एकवीसवर माणसं जास्त, ओझं जास्त, आन् पंख तेवढेच? हे तं शोषण झालं!"

"म्हनून तं त्याच्या पंखामागचे फ्लॅप दुहेरी केले. उतरताना पंखाच्या मागच्या फळ्या खाली येतात ना, त्या विसाले एकेरी, एकवीसले दोन-दोन. मधातून हवेची फट. चाकाकडचा भागही मजबूत केला."

"मंग ठीक हाय," मी म्हटलं. मागणी मान्य झाल्यासारखं वाटलं.

दारांच्या भांडणात तर जेवण थंड झालं. एकोणीसला संकटात पंखावर निघायची दोन्हीकडे एक-एक खिडकी, विसाला दोन-दोन, आणि जुन्या एकवीसला पंखावर खिडकीच नाही. त्याऐवजी पंखाच्या पुढे-मागे अख्खी दारं. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'एकवीसला खिडकी नाही!' तेवढ्यात ताई म्हणाली, "पन नव्या एकवीसमध्ये खिडक्या परत आल्या."

"मंग नाव काहून नाही बदललं? लोकांनी काय समजायचं?"

"लोकांनी नाही समजायचं. मले समजायचं हाय. खोड तो उद्गार."

लांबीची ओळ मात्र मी न भांडता लिहिली. ताईच्या वहीत एवढंच होतं की एकवीस हे विसापेक्षा सात मीटर लांब. मी पत्रकात लिहिलं, 'मागे सात मीटर वाढ.' 'मागे' हा शब्द माझा. तो कुणाला विचारावा असं वाटलंही नाही. आमच्याकडे घर वाढतं ते मागेच. पुढे रस्ता असतो, म्हणून लेकाचं लग्न ठरलं की मागच्या बाडीत, परसात, खोली निघते. पवनीचा झेरॉक्सवाला माझा कागद पन्नासच्या खाली हातात घेत नाही. पन्नास प्रती आल्या. ताईने एक भिंतीवर लावली, एक चुलीमागे लावली, आणि दोन दिवस घासून पाठ केली.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाठ झालं, पन डोळ्यापुढं येत नाही."

डोळ्यापुढे आणायचं काम माझ्याकडे आलं. गावठाणाचे प्लॉट मोजायला आम्ही मीटर-मीटरवर गाठी मारलेली लांब दोरी केली होती. जयंतीच्या कबड्डीसाठी आणलेली, रेघा आखायची पांढरी फक्की उरली होती. सकाळी, ऊन तापायच्या आत, मैदानावर दोघींनी विमान आखायला घेतलं. आधी तीनशे वीस, साडेसदतीस मीटर. पंख काढले, दारं काढली, खिडक्या काढल्या. मग विसाचं एकवीस करायला मी शेपटीपासून मागे सात गाठी मोजल्या आणि पांढरी रेघ ओढली. मागे सरकून पाहिलं. झकास दिसत होतं.

बाबा मैदानाच्या कडेला रचलेलं भाताचं तणीस न्यायला बैलबंडी घेऊन आले होते. बैल थांबवून त्यांनी पाहिलं.

"हे काय होय?"

"विमान, बाबा," ताई म्हणाली.

"चाकं कुठी हायत?"

ताईने पंखाखाली दोन फुल्या काढल्या. बाबा फुलीवर जाऊन उभे राहिले. तिथून नाकापर्यंत पावलं टाकत गेले, परत आले, मग शेपटीपर्यंत गेले. आणि तिकडूनच ओरडले, "हे तं उलार होते वो पोरींनो!"

बंडीत चाकांच्या मागे ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उठतं आणि बैलांच्या माना ताणल्या जातात. ती बंडी उलार झाली म्हणायची. भरताना हे ज्याला कळत नाही, त्याला बाबा बंडीला हात लावू देत नाहीत.

"बाबा, ते विमान होय, बंडी नोहय," मी म्हटलं. "मोठमोठ्या इंजिनियरांनी बनवलं हाय."

"मंग त्याहिले एवढंही नाही समजलं का? सारं मांगं कायले भरतील?"

ताईने परत चाकांच्या फुल्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. चपला तिथेच टाकून ती घरी पळाली, जाड पुस्तक घेऊन आली आणि बैलांच्या मधोमध उभी राहून पानं उलटू लागली.

"पुढंही हाय! पंखाच्या पुढं सव्वाचार मीटर घातलं, आन् मांगं पावनेतीनच." मग ती माझ्याकडे वळली. "हे 'मांगं सात' कोनाचं होय?"

पाच वर्षांत मी एकही पत्रक मागे घेतलं नव्हतं.

"माझं."

"पाच दिवसांनी मी हेच बोलली असती वो! ठसक्यात बोलली असती!"

बाबा म्हणाले, "आता रडू नका. पुसा आन् नवं काढा."

झाडूने शेपूट पुसली. सव्वाचार मीटर पुढे सरकवले, तर नाक तणशीच्या ढिगात घुसलं. मी पुन्हा तापले. मैदान कागदावर एवढं मोठं आणि त्यात साधं एक विमान मावत नाही? आजच अर्ज लिहिते!

"कोनाच्या नावानं लिहितेस?" बाबांनी विचारलं. "तो ढीग आपलाच होय."

अर्ज राहिला. दुपारपर्यंत मी एकटीने ढीग हलवला आणि विमानाला नाक दिलं.

पुढचे चार दिवस ताई रोज सकाळी विमानातून फिरायची. दारात उभी राहून दार सांगायची, खिडकीपाशी खिडकी. मी तणशीवर बसून इस्त्रीच्या शर्टवाल्यासारखे तिरके प्रश्न टाकायची. शेजारच्या काकीने डाव्या पंखावर मोहफुलं वाळत घातली.

"काकी, तिथं फ्लॅप हाय, सरका ना."

"दोन-दोन हायत म्हने ना? एक तुयी, एक मायी."

ताई एवढी हसली की पुढचं उत्तर हसत-हसतच आलं. अडखळली नाही. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हे जमतं.

मुलाखतीहून परतल्यावर ती थांब्यावर उतरली तीच बोलत. शर्टवाला तोच होता. प्रश्नही तोच. तिने तोंड उघडण्याआधी कागद मागितला, बाबांसारखी आधी चाकं काढली, मग पंख, मग पुढे काय वाढलं आणि मागे काय. शेपटी कमी का वाढवली, त्याने विचारलं. ही म्हणाली, आधीच लांब अंग आहे, उडताना नाक उचललं की शेपूट धावपट्टीला घासायची भीती. आणि तोल चाकांच्या भोवती राहिला पाहिजे, नाहीतर उलार होईल. शब्द तोंडातून गेला तो गेला. शर्टवाल्याने विचारलं, उलार म्हणजे काय? मग हिने त्याला बंडी काढून दाखवली. बैलांसकट.

नोकरीचं पत्र आलं. नागपूरला निघायच्या दिवशी तिला थांब्यावर सोडायला मी स्कूटी काढली. ताई मागे बसली, तिच्या मागे पेटी, पेटीवर गादी, गादीवर तांदळाचं पोतं. मी करकचून दोरी बांधली, तीच गाठींची. बाबा अंगणातून पाहत होते.

"काही बोलू नका बाबा," मी म्हटलं. "नीट बांधलं हाय."

ते जवळ आले, पोतं सोडलं आणि पुढे माझ्या पायांपाशी ठेवलं. मग हँडल जरा हलवून पाहिलं.

"जा आता," ते म्हणाले.